माझ्या आईनं औषध घेतलं नव्हतं

आमच्या भागात कीटकनाशकाला औषध म्हणतात. कपाशीवर मारायचं तेही औषध आणि लेकराला खोकला झाला की पाजायचं तेही औषध. पण कोणी आवाज खाली करून "त्यानं औषध घेतलं" म्हणालं, की ऐकणारा जास्त खोलात जात नाही. वाचला का, एवढंच विचारतो.

माझ्या आईबद्दल असंच म्हटलं गेलं. ती वाचली, पण ते वाक्य तिला चिकटलं. आणि ते खोटं आहे. माझी आई पळत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, अनवाणी, जीव तोडून पळत होती आणि पळताना तिच्या अंगात विष गेलं.

मी एका संघटनेत पत्रकं लिहिते. पत्रक एका पानात बसलं पाहिजे आणि शेवटी मागण्या पाहिजेत, ही माझी सवय. हे एका पानात बसत नाही. ज्यांच्या घरी विषबाधेचा रोगी दवाखान्यातून परत आणला आहे, तो अजून धड बरा नाही आणि गाव त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. डॉक्टरी माहिती डॉक्टरला विचारा, माझ्याकडं ती नाही.

मार काकू

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावच्या अलीकडं. रस्त्याला लागून बाबांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आणि दुकानाच्या मागं घर. कापसाची ती वर्षं वाईट होती. अळी मरत नव्हती म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारायचे, आणि पंप जास्त बिघडायचे. आमचं दुकान तेवढं चालायचं. आईला ते आवडत नसे. "गावाचं बिघडलं की आपलं चालते, हे काही बरं नाही," म्हणायची.

लग्नाआधी आई चारशे मीटर पळायची. जिल्ह्याला मिळालेला तिचा कप घरात होता, त्यात बाबा पंपाचे वायसर ठेवायचे. आईनं कधी तक्रार केली नाही. मी एकदा केली, तर म्हणाली, "राहू दे, कामात तं हाय."

मग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी सकाळी दुकानासमोरून पळत मैदानावर जायला लागल्या. आई झाडू हातात धरून त्यांच्याकडं पाहत राहायची. त्यातली वैशाली एक दिवस थांबली आणि म्हणाली, "काकू, माह्यासंग दोन फेऱ्या मारता का? बाकीच्या लय पुढं जातात, एकटीले कंटाळा येते."

आई दोन फेऱ्या पळाली. घरी येऊन ओकली, दिवसभर पाय धरून बसली, आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. बाबांना तिनं सांगितलं, फिरायला जाते. बाबा मला फोनवर म्हणाले, "फिरून येणाऱ्या बाईची पाठ येवढी ओली कायले असते गं?" त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी तिला कधी अडवलं नाही, हे इथं नोंदवून ठेवते, कारण पुढं त्यांच्यावर सगळे घसरणार आहेत.

वर्षभरात आई त्या पोरींना शिकवायला लागली. "नुसत्या फेऱ्या मारून भरती होत नाही, पोट्टे हो, वेग लागते," म्हणायची. शाळेत असताना तिच्या सरांनी करून घेतलेलं तिला सगळं आठवत होतं. थोडं अंतर पूर्ण जोरात, मग चालत परत, दम खाली आला की पुन्हा. खाली वाकून, बोटं रेषेमागं टेकून स्टार्ट. पोरी कडेनं ओरडायच्या, "मार काकू, मार!" सकाळी मैदानावर आलेले म्हातारे हसायचे. एक जण म्हणाला, "बाई, म्हैस सुटली काय तुमची?" आई त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "सुटली हाय, भाऊ. तुम्ही बसा."

सुट्टीत मी गेले की तिच्यासोबत मैदानावर जायचे. मला कधी तिच्याबरोबर राहता आलं नाही. एकदा धापा टाकत मी तिला विचारलं, या वयात वेगच कशाला पाहिजे, सावकाश पळावं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. "सावकाश तं सारा दिवसच असते," म्हणाली.

नागपूरला प्रौढांच्या स्पर्धा होतात हे तिला वैशालीनं सांगितलं होतं. त्यात चारशे मीटर पळायचं तिनं ठरवलं होतं. हे बाबांना माहीत नव्हतं. मला आणि पोरींनाच माहीत होतं. गुडघे कुरकुरत होते, म्हणून तिनं बाजारातून गुडघ्याचं एक आयुर्वेदिक औषध आणलं होतं. बाटलीच्या झाकणानं मोजून घ्यायचं. त्या झाकणानं पुढं घात केला.

एक झाकण

त्या दिवशी पोरी यवतमाळला मैदानी चाचणीला गेल्या होत्या. आई एकटीच होती. सकाळी निंदणाला जाणाऱ्या बायांना ती मैदानाच्या कडेला बसलेली दिसली. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, अंग थरथरत होतं. ऊन चांगलं पडलं होतं आणि ती म्हणत होती, "आभाळ आलं का? अंधार काहून पडून राह्यला?" बायांनी ऑटो थांबवला, बाबांना बोलावलं.

रस्त्यावर पहिला जो दवाखाना लागला, तिथं नेलं. बाबा बाहेर ऑटोवाल्याशी बोलत होते तेवढ्यात आतमध्ये जे बोलणं झालं, ते आईनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"औषध घेतलं का?"

"हो."

"कधी?"

"सकाळी."

"किती घेतलं?"

"एक झाकण."

"घरीच होतं?"

"घरीच असते."

"का घेतलं, मावशी?"

"लय दुखते म्हणून."

आमच्याकडं फवारणीचं औषधही झाकणानंच मोजतात. एका पंपाला इतकी झाकणं, असा हिशोब असतो. डॉक्टरनं जे ऐकलं ते लिहिलं आणि इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन बरोबर होतं आणि त्यानंच ती मोठ्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचली, म्हणून त्या डॉक्टरवर माझा राग नाही. माझा राग त्या शब्दावर आहे. विषाला औषध कोणी म्हणायला लावलं? बाटल्या विकणाऱ्यांना हा शब्द सोयीचा आहे. आम्हीही तोच गिरवतो. माझ्या कितीतरी पत्रकांत मीसुद्धा "औषध पिऊन" असंच छापलं आहे.

मोठ्या दवाखान्यात कागद पुढं गेला, आणि कागदाबरोबर ते वाक्यही. मी कामाच्या गावाहून पोचले तेव्हा वॉर्डातल्या मावशीनं मला दाराशीच सांगितलं, "औषधवाली ना? ती खिडकीकडची."

वॉर्ड

नाकात नळी, हाताला सुई. इंजेक्शनांनी माणूस बरळतो, हात झाडतो, म्हणून दोन्ही मनगटं पट्टीनं पलंगाला बांधलेली. बांधलेली आई पाहायची तयारी कोणाचीच नसते. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा, पट्टीखाली मऊ फडकं सरकवा आणि बांधलेल्या हाताचा तळवा धरून बसा. बोटं हलतात, ती धरता येतात.

आई बरळत होती. "बाहेरचा पट्टा नको, मले आतला द्या," म्हणायची, शर्यतीच्या रेषेवर उभी असल्यासारखी. चादरीखाली तिचे पाय चालत होते. सिस्टर म्हणाली, "या रात्रंदिवस पळूनच राहिल्या, अशानं पलंग गावी जाईल." ती प्रेमानं म्हणाली होती. त्या वॉर्डात कोणी काही विनोद केला की बरं वाटायचं.

सकाळी झाडूवाली यायची, मग डॉक्टरांचा घोळका. घोळका पलंगाच्या पायथ्याशी थांबला की एक जण वाचायचा, "विष प्राशन." मी दरवेळी म्हणायचे, "प्राशन नाही." घोळका पुढच्या पलंगाकडं सरकलेला असायचा.

शेजारच्या पलंगावर झरी जामणीकडच्या एका बाईचा नवरा होता. त्यानं खरंच घेतलं होतं. ती बाई मला तिच्या डब्यातली भाकर द्यायची. माझ्या आईच्या केसांत ओकारी वाळली होती, ती तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढली आणि बारीक वेणी घातली. मला ते सुचलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "माझ्या आईनं घेतलं नाही, ताई. ती पळत होती."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आमीबी पयले असंच म्हणत होतो," ती म्हणाली.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती मी विसरणार नाही. या जिल्ह्यात बाईनं विष घेतलं, हे कोणालाही ताबडतोब पटतं. ती मैदानावर चारशे मीटर पळते, हे मात्र साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागतं.

मामा

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून मामा आला. आईचा थोरला भाऊ, हायवेवर ट्रक चालवून चालवून स्वतःचा ट्रक घेतलेला. त्याच्या गल्लीत, त्याच्या मित्रांत, किती जणांनी औषध घेतलं हे तो बोटांवर मोजून सांगतो. आईच्या पलंगाजवळ तो थोडा वेळ उभा राहिला. मग बाबांना जिन्यात घेऊन गेला. मी मागं गेले.

"जावई, माही बहीण तोंडानं काही सांगणारी नाही. तुम्ही सांगा. कायले घेतलं तिनं?"

"मले नाही मालूम, दादा."

"तुमच्या दुकानात औषध, तुमच्या घरात औषध, अन् तुमाले मालूम नाही."

"नाही मालूम."

"बरी झाली की मी तिले घेऊन जातो. परत धाडणार नाही."

मी मध्ये बोलले. आई पळायची, स्पर्धेला जाणार होती, हे सांगितलं. मामा माझ्यावर चिडलासुद्धा नाही. "बेटा, तू शिकलेली हाय," म्हणाला, "बापाले वाचवून राह्यली, मले समजते. पण दोन पोरांच्या आजीच्या वयाची बाई पळते कुठं?" आईला नातवंडं नाहीत. मी एकटी, आणि माझं लग्न झालेलं नाही. पण त्याच्या डोक्यात चव्वेचाळीसची बाई म्हणजे आजीच.

बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांचं ते गप्प राहणं मलाही त्या क्षणी खटकलं. अपराधी माणूस जसा गप्प राहतो, तसेच ते दिसत होते.

नळी निघाली, बरळणं थांबलं, आईला नीट बोलता यायला लागलं, आणि त्याच दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला. बरा माणूस होता. स्टूल ओढून बसला.

"बाई, औषध काहून घेतलं?"

"घेतलं नाही. मी पळत होती." आईचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

"कोणासंग?"

"एकटीच."

"म्हणजे घरून पळून चालल्या होत्या. नवरा तरास देते काय?"

"मैदानावर पळत होती. गोल."

हवालदार थांबला. "गोल कायले?"

आई हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. मग ती रडायला लागली. हवालदारानं पेन खिशात टाकलं आणि म्हणाला, "उद्या येतो. आराम करा. लेकीकडं पाहून जगा."

रेषा

मी त्याच संध्याकाळी गावी गेले. मला पुरावा पाहिजे होता. तिच्या पावलांचे ठसे तरी सापडतील असं वाटलं. पाऊस नव्हता पडला.

मैदानावर पांढरी रेषा होती. पंधरा ऑगस्टला शाळेनं मारलेली फक्की केव्हाच धुऊन गेली होती, ही रेषा नवी होती. चुना मारतात तशीच, हातानं सोडलेली, थोडी वाकडी. रेषेच्या मागं आईच्या दहा बोटांचे ठसे होते, आणि त्याच्या मागं पायाच्या पंजांचे खड्डे. तिनं तिथून बऱ्याच वेळा स्टार्ट मारला होता. ठसे एकावर एक पडले होते.

रेषेवर मुंग्या मेल्या होत्या. एक-दोन नाही, रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओलांडायला आल्या आणि तिथंच मेल्या. मी वाकले आणि तो वास आला. फवारणीच्या दिवसांत आमच्या सगळ्या गावाला येतो, तो.

मी दुकानात गेले. बाबा त्या दिवशी कपडे न्यायला घरी आले होते आणि मागच्या खोलीत एका फाटक्या पिशवीसमोर बसले होते. पिशवीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. कोणी शेतकरी पंपासोबत ठेवून गेला होता, झाडाच्या बुडाशी टाकायची पावडर. आमच्याकडं सगळ्या पांढऱ्या भुकटीला पावडरच म्हणतात. आईनं विचारलं होतं, ही पावडर घेऊ का, मैदानावर रेषा मारायची आहे. बाबांनी पंपातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, घे.

"ऑटोत तिचे हात पांढरे पाह्यले," बाबा म्हणाले, "तवाच समजलं मले. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले म्या तिचे. पाय धुतले. तोंड पुसलं. पण डाक्टरले सांगता नाही आलं. पिशवी माह्या दुकानातली. म्याच दिली म्हणतील. अन् दिली तं म्याच होती."

विष उघड्या पिशवीत, बिननावाचं, घराघरांत पडलेलं आहे. ते विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. आणि हात धुवून बायकोचा जीव वाचवणारा माणूस चार दिवस चोरासारखा जिन्यात उभा राहतो. यावर मी पत्रक काढणार आहे, ते वेगळं.

इथं ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सरळ सांगते. कीटकनाशक अंगावर सांडलं, श्वासातून गेलं, पायाला लागलं, तरी माणूस मरू शकतो. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, डबा किंवा पिशवी सोबत न्या. आणि दवाखान्यात औषध हा शब्द तोंडातून काढू नका. "विष अंगावर आलं" म्हणा, किंवा "विष प्यायलं" म्हणा. जे झालं ते म्हणा.

बाबांनी दुसऱ्या दिवशी पिशवी हवालदारासमोर ठेवली. वैशाली आणि पोरी येऊन बोलल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि कागदावर दुरुस्ती केली. कागद सुधारला. माणसं सुधारायला वेळ लागतो, मामाला तर फारच. तो पिशवीकडं पाहून म्हणाला, "चार दिवसांनी पिशवी निघाली काय? बरं जमवलं." आणि पांढरकवड्याला निघून गेला. बाबांशी बोलणं बंद.

चप्पल

आई घरी आली तेव्हा अशक्त होती पण चालत होती. आम्ही मोठ्या आनंदात होतो. वैशाली पेढे घेऊन आली. ती चाचणीत पास झाली होती.

मग काही आठवड्यांनी आईच्या पायातून चप्पल निसटायला लागली. ती पुढं जायची आणि चप्पल मागं राहायची. तिला कळायचंसुद्धा नाही. आम्ही हसलो. आधी चप्पल बदलली. नवी चप्पलही निसटली. मग उंबरठ्याला पंजा अडकायला लागला, आणि आई एकदा हातात भाताचं पातेलं घेऊन आडवी झाली. तेव्हा आम्ही हसायचं थांबवलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तिच्या तळव्यावर किल्ली ओढून पाहिली. काही विषं गेल्यावर मागं असं करून जातात, नसांना मार बसतो, असं समजावलं. काही परत येईल, काही येणार नाही. व्यायाम रोज करा.

आईनं एकच विचारलं. "वेग येईल का?"

"चालता येईल तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"चालणं मले पयलेच येत होतं, मॅडम."

बाईंनी व्यायाम कागदावर लिहून दिले.

त्यानंतरचे महिने मी लिहू इच्छित नाही, पण लिहिते. गावातल्या बाया भेटायला यायच्या आणि आईच्या तोंडावर म्हणायच्या, "झालं ते झालं, पुन्हा असा इचार करू नको." शेजारच्या काकूंकडं आई विरजण मागायला गेली, तर त्यांनी बोलता बोलता फळीवरची फिनाईलची बाटली उचलून आत नेली. आईनं ते पाहिलं. घरी येऊन विरजणाची वाटी ओट्यावर आपटली. "मी मरायले गेलती असं समजून राह्यले हे सारे," म्हणाली, "मी येवढी जगायले गेलती तवा एकानं नाही विचारलं."

आमच्या संघटनेतले भाऊ म्हणाले, तुझ्या आईचं प्रकरण पत्रकात घेऊ, फोटो मिळेल का. मी म्हणाले, घ्या, पण आत्महत्येच्या प्रयत्नात नको, पळताना विषबाधा म्हणून घ्या. ते म्हणाले, "ते लोकांना समजायला अवघड जाईल." मी फोटो दिला नाही.

बाबा रोज सकाळी आईचे पंजे मांडीवर घेऊन वरखाली करायचे, डॉक्टरीण बाईंनी शिकवलं तसं. आई त्यांच्याकडं न बघता खिडकीतून बघायची. तिनं त्यांना दोष दिला नाही. कधी कधी मला वाटायचं, एकदा द्यावा.

भाऊबीज

दिवाळीत मामा आला. ट्रक दुकानापासून लांब, वडाच्या खाली उभा केला आणि निरोप धाडला, बहिणीला इकडं पाठवा, मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही.

आई माझा हात धरून गेली. मामानं तिचा ओढत टाकलेला पाय पाहिला आणि तोंड फिरवलं. मग म्हणाला, "बॅग भरून आण. वहिनीनं खोली लावून ठेवली हाय. अठी, या घरी, तुले पुन्हा घेऊ द्यायचं नाही मले."

"काय घेऊ द्यायचं नाही?"

मामा ट्रकचं टायर पाहायला लागला.

"चल," आई म्हणाली, "मैदानावर चल."

"तुह्याच्यानं चालवत नाही अन् मैदान कायले?"

"तू चल, दादा."

मैदान मोकळं होतं. कपाशीचा वेचा चालू होता, सगळे शेतात. आईनं चपला काढून मला दिल्या. साडीचा काष्टा घातला. काडीनं मातीत एक रेघ ओढली आणि तिच्यामागं खाली बसली. बोटं रेघेमागं टेकली, अंगठे आत, कोपरं सरळ. कंबर वर उचलली. मी ती तशी शेकडो वेळा पाहिली आहे. मामानं पंचवीस-सत्तावीस वर्षांनी पाहिली. शाळेत असताना तोच तिला सायकलवर डबलसीट मैदानावर सोडायचा.

आई सुटली.

पहिली काही पावलं खरी होती. शरीराला आठवण होती, खांदे खाली, हात जोरात. मग पंजे साथ देईनात. ते जमिनीवर फटफट आपटायला लागले, ओल्या फडक्यासारखे. ती थांबली नाही. गुडघे वर उचलून उचलून पळत राहिली, वळणाकडं. वळणाच्या बरंच आधी तिचा उजवा पंजा मातीत घुसला आणि ती तोंडावर पडली.

मामा धावला. साठीकडं आलेला जाडा माणूस, लुंगी वर धरून धावला. तिच्याजवळ खाली बसला. त्याचा चेहरा वाकडा झाला होता. "पटलं मले, बाई," म्हणाला, "पटलं. तू पळतच होती. ऊठ."

आई उठली नाही. तिच्या हनुवटीला माती लागली होती. "दोन-अडीच महिने तोंडानं सांगून राह्यली," ती म्हणाली, "तवा नाही पटलं. आता पडली तं पटलं तुले?"

मामानं हात पुढं केला. तिनं धरला नाही, जमिनीला टेकून स्वतःच उठली.

"पटलं असन तं घरात ये. जावयाच्या तोंडावर म्हण."

मामा आमच्यामागून दुकानापर्यंत आला. बाबा एका पंपाचा दांडा खोलत बसले होते. मामा दारात उभा राहिला, घसा साफ केला, आणि म्हणाला, "जावई, माह्याकडून चूक झाली." बाबांनी हातातला पाना खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि स्टूल पुढं सरकवलं. "बसा, दादा," म्हणाले. मी चहा ठेवला.

आई मागं न्हाणीत गुडघे धुवायला गेली होती. ताट तयार होतं, निरंजन लावायचं बाकी होतं, म्हणून मी तिला बोलवायला गेले. दार लोटलेलं होतं. बादलीत पाणी सोडून ती आवाज न करता रडत होती. मला वाटलं, मामाला पटलं म्हणून रडते आहे, आणि तसंच मी तिला म्हणाले.

"त्याचं काय घेऊन बसली," आई म्हणाली. "वळण आलंच नाही."